चापावरचा हात

माणूस कसा हवा, याची तनुजा कुडतरकरनं यादीच करून ठेवली होती. साठीच्या पुढचा. पोलिसांत साधी तक्रारही नसलेला. बाटलीला न शिवणारा. भावकीत जमिनीवरून वाद नसलेला, आणि असा माणूस सिंधुदुर्गात शोधायचा म्हणजे बघा! कोर्टात उभा राहिला की न्यायमूर्तींना आपले वडील आठवावेत असा. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, बंदुकीवर प्रेम नसलेला.

"बंदुकीवर प्रेम नसलेलो माणूस बंदुकीची केस लढवतलो?" शेतीराखण संघाचे अध्यक्ष दाजी राणे कपाळावर हात मारून म्हणाले होते.

"तोच लढवणार, दाजी. मिशीला पीळ देत बंदुकीसोबत फोटो काढणारे तुमचे सतरा जण मी कालच बाद केलेत. त्यातल्या एकानं तर पुतण्याच्या लग्नात मांडवातच बार काढलाय. हा माणूस कोर्टात नेला तर सरकारी वकिलाला काही बोलावंच लागणार नाही."

तनुजा कुडाळची वकील. वय सत्तेचाळीस, जीभ धारदार, आणि डोक्यात गेली पाच वर्षं एकच गोष्ट. लोक तिला म्हणायचे, बाई, सरळ हायकोर्टात जा आणि बंदुकीचा हक्क मागून टाक. तिला असल्या लोकांचा राग यायचा. आपल्या देशात बंदूक बाळगणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, आणि त्या दारावर डोकं आपटलं तर डोकंच फुटणार. मागायचं ते इवलंसं मागायचं. आधी एवढंच, की परवाना बंद करण्यापूर्वी माणसाला डॉक्टरनं तपासावं. ते मिळालं की पुढचं, निवडणूक आली म्हणून ऐन भात पिकताना सरसकट बंदुका जमा करू नयेत. आणि सगळ्यात शेवटी, दहा-बारा वर्षांनी, पिकाची राखण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे. पायरीवर पाय ठरला की मगच पुढची पायरी. एक चुकीची केस नेली आणि हरलो, की तोच निकाल पुढची वीस वर्षं आपल्या तोंडावर मारतात, हे ती दाजींना इतक्या वेळा सांगायची की दाजी तिच्याआधी वाक्य पूर्ण करायचे.

आता हे सगळं कशावरून सुरू झालं, ते सांगायला हवं.

२०३५ साली सरकारनं शेतीसंरक्षणाच्या प्रत्येक बंदुकीला नाडीचाप बसवला. चाप म्हणजे बंदुकीचा खटका. त्याच्याखाली मुठीवर तळहाताएवढी एक पट्टी, आणि पट्टीत नखाएवढं यंत्र. आपल्याला वाटतं आपला हात स्थिर आहे; तसं नसतं. प्रत्येक जिवंत हात सेकंदाला आठ ते बारा वेळा अगदी बारीक कापत असतो, डोळ्याला न दिसेल इतका. त्यात बोटांतली नाडी मिसळते, तळव्याचा घाम मिसळतो. हे कापणं प्रत्येकाचं वेगळं. एकदा पट्टीवर हात ठेवला की यंत्र तो हात शिकून घेतं, आणि मग त्या एका हाताशिवाय दुसऱ्या कुणासाठी चाप सुटतच नाही. शिवाय त्याच हातातलं कापणं वाढलं, नाडी उधळली, घाम सुटला, की यंत्र समजतं हा माणूस रागात आहे, दारूत आहे किंवा जिवावर उदार झालाय. चाप घट्ट. नोंद जिल्ह्याच्या कचेरीत. अशा नोंदी साठल्या की पट्टीवर लाल अक्षरं उमटतात: मन अस्थिर. परवाना स्थगित.

गावांत त्या यंत्राला मास्तर म्हणायचे, कारण हात पुढे केल्याशिवाय ते पुढचं काही बोलायचंच नाही.

खोटं कशाला बोला, मास्तरानं भलंही केलं. परवान्याच्या बंदुकीनं माणूस मरणं पाच वर्षांत जवळजवळ थांबलं. हे तनुजालाही ठाऊक होतं, म्हणूनच ती यंत्र काढा असं कधीच म्हणाली नाही. पण म्हातारे हातसुद्धा कापतात, अहो! तीन जिल्ह्यांत चार हजार शंभर बंदुका मुक्या झाल्या. डुकरं नाचणीत लोळायला लागली, गवे दिवसाउजेडी केळीत उतरायला लागले, आणि आयुष्यात कुणाला शिवी न दिलेली माणसं सरकारदरबारी मन अस्थिर ठरली.

आणि मग हेदूळखोलचे सगुण परब सापडले.

बहात्तर वर्षांचे, निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षांचा परवाना. कधी कुणाशी वाकडं नाही. बोलायचे इतकं कमी की तनुजाला वाटलं, कोर्टात हा माणूस एक शब्दसुद्धा चुकीचा बोलणार नाही, कारण बोलणारच नाही. ती त्यांच्या पडवीत कागद घेऊन बसली होती.

"सगुणकाका, हात थरथरतो?"

"थरथरता गो बाय."

"कधीपासून?"

"दोन वर्सा झाली."

"आणि यंत्र किती वेळा अडलं?"

"येकेचाळीस." आकडा त्यांच्या जिभेवर होता. "माका वाटता, कोर्टान काय ता बघूक व्हया."

तनुजानं लिहिलं: 'माझा हात गेली दोन वर्षे वयोमानानुसार थरथरतो.' सगुणकाकांनी नीट चष्मा लावून सही केली. त्यांची बायको शेवंतीकाकी चहाची ताटली घेऊन दारात उभी होती. ताटली तिनं डाव्या हातात धरली होती.

---

सुनावणी सोमवारी होती. आदल्या गुरुवारी तनुजा सगुणकाकांना घेऊन कोल्हापूरला डॉक्टर झरीना मुजावर यांच्याकडे गेली. झरीना मेंदूच्या आणि नसांच्या आजारांची डॉक्टर. तनुजाच्या बाजूनं ती तज्ज्ञ म्हणून उभी राहणार होती. कोर्टाच्या आदेशानं यंत्रातली दोन वर्षांची सगळी नोंद मिळाली होती, आणि ती झरीनानं चार दिवस आधीच तपासून ठेवली होती.

"तनुजा, हे म्हातारपणाचं कापणं नाहीये," तिनं पडद्यावरची रेघ दाखवली. काका बाहेर बाकावर बसले होते. "म्हातारा हात काम करताना जास्त कापतो. हा उलटा आहे. बंदूक मुठीत घेऊन नुसती वाट बघत असताना हा सेकंदाला पाच वेळा हलतो, आणि चाप ओढायला गेला की थांबतो. बघ ना, यातल्या कितीतरी वेळा नेम साधता आला असता. पण यंत्र आधीच घाबरून बसलेलं."

"म्हणजे?"

"कंपवात. अगदी सुरुवातीचा. दोन वर्षांपूर्वी तो कुठल्याच डॉक्टरच्या डोळ्याला दिसला नसता इतका बारीक होता, पण इथे दिसतोय. औषधानं जात नाही तो, पण आत्ता सुरू केलं, व्यायाम सुरू केला, तर चालणं, लिहिणं, हातानं घास घेणं, सगळं पुष्कळ वर्षं सांभाळता येतं. बोलव काकांना आत."

काका आत आले. झरीनानं त्यांचे हात मांडीवर ठेवायला सांगितले, बोटं उघडमीट करायला लावली, कागदावर गोल काढायला लावले, दारापर्यंत चालवलं. मग परत तेच सगळं केलं. मग खुर्चीत मागे टेकून तिनं तनुजाकडे पाहिलं.

"यांना काही झालेलं नाही."

"असं कसं?"

"यांचा हात माझ्या हातापेक्षा स्थिर आहे. आणि आता लक्षात येतंय माझ्या, पट्टीवरची ही मूठ बघ केवढी आहे." तिनं काकांचा पंजा धरून पडद्याशी नेला. "ही बाईमाणसाची मूठ आहे, तनुजा."

सगुणकाका जमिनीकडे बघत होते. पोस्टमन होते म्हणूनच की काय, दुसऱ्याची गोष्ट आपल्या तोंडून बाहेर पडू नये याची सवय त्यांना होती. मग ते म्हणाले, "डॉक्टरणीबाय, आजार मोठो आसा काय?"

---

शुक्रवारी सकाळी तनुजा हेदूळखोलला पोचली तीच मुळात भांडायच्या तयारीनं. रात्रभर तिनं सगुणकाकांना मनातल्या मनात झोडपलं होतं. पाच वर्षांची मेहनत! चार हजार माणसं! आणि हे गृहस्थ शपथपत्रावर खोटी सही करून मोकळे!

"तुम्ही मला सांगितलंत तुमचा हात थरथरतो म्हणून."

"नाय गो," काका शांतपणे म्हणाले. "तू इचारलंस, हात थरथरता? मी सांगलंय, थरथरता. कोणाचो ता तू इचारलंसच नाय."

तनुजा स्वतः अशिलांना शंभरदा बजावायची, की प्रश्नाचंच उत्तर द्या. आणि तिला जे ऐकायचं होतं तेवढंच तिनं ऐकलं होतं.

शेवंतीकाकीनं मग सगळं सांगितलं. यंत्र बसवायचं शिबिर होतं तालुक्याला, त्या दिवशी सगुणकाकांच्या बोटांना कोयता लागून ही मोठी पट्टी बांधलेली. रांग दारापर्यंत. काका बंदूक काखेत धरून कसेबसे उभे, आणि टेबलामागचा मुलगा ओरडला, "सगुण परब, हात द्या! लवकर हात द्या!"

"माका वाटला," शेवंतीकाकी म्हणाली, "बंदूक जड, ह्येंच्या बोटांका लागलेला, कोणी तरी हात दी म्हणता. मी म्हटलंय, मी देतंय हात. आणि फुडे झालंय. त्यान माझो हात धरल्यान आणि पट्टीर ठेवल्यान. झाला!"

"आणि तुम्ही कुणी काही बोलला नाहीत?"

"आमका खय म्हायत, तो तसलो हात मागता तां? घराक इलंव तेव्हा कळला, ह्येंच्या हातान चाप सुटणाच नाय. बदलूक जिल्ह्याक जावचा, तीन म्हयने बंदूक थयच. भात उभा होता. म्हटला, जांवदे."

जांवदे! त्या एका शब्दावर कोकणातली किती कामं अडली आहेत आणि किती निभावली आहेत, देव जाणे. त्या दिवसापासून हेदूळखोलच्या खालच्या मळ्यात बार काढायची ती शेवंतीकाकी. पहाटे ती पुढे आणि सगुणकाका कंदील घेऊन मागे. वर आकाशात बार, आणि डुकरं पसार. पहिल्या चार वर्षांत तिनं एकही जनावर मारलं नाही आणि एकही पीक घालवलं नाही. "माझ्यापरास तिचो हात बरो," काका म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला.

"मग दोन वर्सांपूर्वी," शेवंतीकाकी म्हणाली, "तां माका म्हणूक लागला, मन अस्थिर. पयला वाटला, यंत्र बिघाडला. मगे वाटला, माझाच बिघाडला. कोणाक सांगू? चिडाक नको म्हणान मी सुनेबरोबर बोलायचीच बंद झालंय. नातवाक उचलूचा सोडलंय. म्हटला, माझ्या हातान कायतरी व्हयत."

तनुजानं झटकन काकांकडे पाहिलं. ते हे पहिल्यांदाच ऐकत होते.

"म्हणान तू नातवाक घेनस नाय?"

"मगे काय? सरकारान लिवन दिल्यान, मन अस्थिर."

काका तनुजाकडे वळले. "मी केस कित्याक केलंय, सांगू? ह्या आतल्या आत आपल्याक खात होता, तां माका दिसत होता. माका वाटला, येवढा मोठा कोर्ट आसा, तेणी जर सांगलानी हो हात बरो आसा, तर हिका बरा वाटात. बंदूक काय, खड्ड्यात जांवदे."

तनुजा तोंड फिरवून अंगणात बघत राहिली. रडायची तिला सवय नव्हती, आणि डोळे भरले की ते लपवायचं कसं हेही तिला नीट जमत नव्हतं. मग तिनं खाली बसून शेवंतीकाकीला झरीनानं सांगितलेलं सगळं सांगितलं. आजाराचं नाव, औषध, व्यायाम, काय होईल, काय होणार नाही. आणि मनाला काहीही झालेलं नाही, हे तीनदा.

शेवंतीकाकीनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग तिनं विचारलं, "ह्या यंत्राक दोन वर्सांपासून म्हायत होता?"

"हो. म्हणजे आजार आहे हे त्याला कळत नव्हतं. पण हात बदललाय हे माहीत होतं."

"आणि तेणा सांगल्यान कोणाक?"

"जिल्ह्याच्या कचेरीला."

"हात माझो," शेवंतीकाकी म्हणाली, "आणि सांगल्यान कचेरीक. माका कित्याक नाय सांगल्यान?"

पाच वर्षं तनुजानं या यंत्राविरुद्ध मुद्दे गोळा केले होते, तीन फायली भरून. त्यात हा प्रश्न नव्हता.

---

दाजींना तिनं गाडीतूनच फोन केला. ते आधी संतापले, मग हबकले, मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तनुजा, ऐक माझा. शेवंतीक औषध आजच चालू कर. कोण नाय म्हणता? पण कोर्टात सोमवारी कायव बोलू नको. दुसरी डॉक्टर बघूया. सरकारचो डॉक्टर मुठीचो आकार मोजतलोच असा खय आसा? चार हजार लोक आसत गो."

खरं सांगायचं तर तनुजाला मोह झाला. न्यायमूर्ती चांगले होते, अर्जदार सोन्यासारखा होता, विनंती इवलीशी होती. परत असं सगळं जुळून यायला दहा वर्षं लागली असती. दुसरा रस्ता होता याचिका गुपचूप मागे घ्यायचा. मग कुणालाच काही कळलं नसतं, परब नवरा-बायको सुखरूप सुटले असते. कारण खरं सांगितलं तर दुसऱ्याच्या परवान्यावर बंदूक चालवली म्हणून शेवंतीकाकीवर, आणि चालवू दिली म्हणून सगुणकाकांवर, थेट फौजदारी. डावपेच म्हणून विचार केला तर मागे घेणं हेच शहाणपणाचं होतं. तिनं शनिवारी तसा अर्जही टाईप केला.

रविवारी दुपारी शेवंतीकाकीच तिच्या घरी आली, एसटीनं, एकटी.

"अर्ज मागे घेतंय, काकी. तुम्हाला काही होणार नाही."

"मगे बाकीच्यांका कोण सांगतला?"

"कुणाला?"

"तू म्हणतंस चार हजार बंदुका बंद. त्या चार हजारांत माझ्यासारखे हात किती आसतीत? ते पण नातवाक उचलूचा सोडून बसलेले आसतले." तिनं खुर्ची ओढली. "माझ्या हातान झाला, तां मीच सांगतलंय. तू खाली लिव."

"काकी, तुरुंगात जावं लागेल कदाचित."

"ह्येंका कोण जेवूक घालतला, येवढोच प्रश्न आसा," शेवंतीकाकी म्हणाली. मग जरा विचार करून, "ते पण थयच येतले म्हणा."

तनुजाला हसू आलं आणि त्या हसण्यातच तिनं शनिवारचा अर्ज पुसून टाकला.

---

सोमवारी कोल्हापूरच्या हायकोर्टात सरकारी वकील घोरपडे मोठी फाईल घेऊन तयारीत होते. तनुजा उभी राहिली.

"माय लॉर्ड, युक्तिवादाआधी मला एक चूक कबूल करायची आहे. अर्जदाराच्या शपथपत्रात 'माझा हात' असं जे लिहिलंय ते खरं नाही. लिहिलं मी. अर्जदारानं मला फक्त हात थरथरतो एवढं सांगितलं, आणि कुणाचा, हे मी विचारलं नाही. तो हात त्यांच्या पत्नीचा आहे. त्या इथे आहेत. दुरुस्तीचं आणि त्यांना अर्जदार करून घेण्याचं निवेदन मी दाखल केलं आहे."

घोरपडे उठले ते जवळजवळ उडालेच. "म्हणजे परवाना एकाचा आणि बंदूक चालवते दुसरीच! माय लॉर्ड, नाडीचाप का हवा याचा यापेक्षा मोठा पुरावा काय असणार?"

प्रेक्षकांत बसलेल्या दाजींनी डोळे मिटून घेतले.

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "कुडतरकर, याचिका बंदूक सुरू करून मिळण्याची आहे. आता तुमचं म्हणणं काय?"

"बंदूक आम्ही मागत नाही. परब यांनी आज सकाळी ती पोलिसांत जमा केली आणि परवाना परत दिला. शिबिरात काय घडलं, ते शपथेवर लिहून दिलंय. जो गुन्हा होत असेल तो त्यांनी स्वतःहून कोर्टासमोर ठेवलाय." तनुजा पाणी प्यायली. "माझं म्हणणं एवढंच आहे. दोन वर्षं एका यंत्रानं या बाईंचा हात वाचला. एक्केचाळीस वेळा त्यानं जिल्ह्याच्या कचेरीला कळवलं, की या हातात काहीतरी बिघडलंय. जिचा हात, तिला एकदाही नाही. तिला फक्त दोन शब्द दाखवले, मन अस्थिर, आणि ते खोटे होते. डॉक्टर मुजावर यांचा अहवाल सोबत आहे. हा आजार होता. त्या एक्केचाळीस नोंदींतली एक जरी कुणी डॉक्टरला दाखवली असती, तर या बाईंवर दोन वर्षांपूर्वीच उपचार सुरू झाले असते. चार हजार शंभर बंदुका अशाच बंद आहेत, माय लॉर्ड. त्यांतले किती हात रागानं कापतात आणि किती आजारानं, हे आज कुणालाच माहीत नाही. आणि ज्यांना माहीत व्हायला हवं, त्यांना विचारायचीही सोय नाही."

न्यायमूर्ती अहवाल वाचत होते. दुसरं पान वाचून परत पहिल्या पानावर गेले.

"घोरपडे, फिर्यादीबद्दल सरकारचं काय म्हणणं?"

घोरपडे मागे वळून अधिकाऱ्याशी काहीतरी कुजबुजले. पण बोलण्याआधी त्यांची नजर शेवंतीकाकीकडे गेली. ती दुसऱ्या रांगेत ताठ बसली होती, आणि मांडीवरचा तिचा उजवा हात सेकंदाला पाच वेळा हलत होता. लपवायचा तिनं काही प्रयत्न केला नाही. घोरपड्यांनी हातातली फाईल बंद केली.

"शिबिरातली चूक सरकारच्या बाजूनंही झालेली दिसते, माय लॉर्ड. शस्त्र जमा झालंय. फिर्याद करण्याचा सरकारचा विचार नाही."

निकाल न्यायमूर्तींनी तिथेच सांगितला. हाताची नोंद ज्याच्या हाताची, त्याची. यंत्राला काही वेगळं जाणवलं, तर ते आधी त्या माणसाला कळवायचं आणि सरकारी खर्चानं डॉक्टरकडून तपासायचं. त्याआधी परवाना बंद करायचा नाही आणि मनाबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. बंद पडलेल्या सगळ्या बंदुकांना हाच नियम, तीन महिन्यांच्या आत.

तनुजा खाली बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपली पहिली पायरी मिळाली. पाच वर्षं ठरवलेल्या वाटेनं नाही, आणि ठरवलेल्या माणसाकडून तर नाहीच. दाजी मागून तिच्या खांद्यावर इतक्या जोरात थापट्या मारत होते की शिपायानं त्यांना दटावलं.

परतताना तिघं आंबोलीला चहाला थांबली. ऊन होतं. हेदूळखोलच्या मळ्यात आता राखण कशी करायची हा प्रश्न तसाच होता. शेजारच्या वाडीतल्या दोघांनी पाळीपाळीनं यायचं कबूल केलं होतं, बघू. झरीनाच्या गोळ्या शेवंतीकाकीच्या पिशवीत होत्या आणि सगुणकाका दर पंधरा मिनिटांनी पुढच्या गोळीची वेळ विचारत होते.

"बाय, येक इचारू?" काका म्हणाले. "वकिलाची इंग्रजी माका काय समाजली नाय. कोर्टान सांगितल्यान काय, हिचो हात बरो आसा म्हणान?"

या माणसाशी खोटं बोलणं तनुजाला शक्य नव्हतं.

"नाही, काका. हात बरा आहे असं कोर्टाला सांगता येत नाही."

काकांचा चेहरा उतरला. "मगे? येवढा काय सांगत होते?"

तिनं पिशवीतून निकालाची प्रत काढली आणि त्या परिच्छेदाचं मराठी करायला लागली. 'शरीरातून उत्पन्न होणाऱ्या माहितीवरील प्रथम स्वामित्व' इथपर्यंत गेली आणि तिनं प्रत घडी करून परत ठेवली.

"कोर्टानं सांगितलं, हात काकींचा आहे."

सगुणकाकांनी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "ह्या सांगूक कोल्हापुराक बोलावलानी?" ते म्हणाले, आणि त्यांना एवढं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी काही थांबेना.

शेवंतीकाकी हसली नाही. तिनं चहाचा पेला खाली ठेवला.

"परत येकदा सांग गो," ती म्हणाली.

तनुजानं परत सांगितलं.